जुन्या ट्रॅक्टरला पावर स्टिअरिंग आणि हायड्रॉलिक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या गोव्यातल्या डिचोली भागात पंचवीस-तीस वर्षांपूर्वी घेतलेले ट्रॅक्टर अजून राबतायत. इंजिन ठणठणीत असतं, एखादं ओव्हरहॉलिंग झालेलं असतं. दुखत असतात ते चालवणाऱ्याचे खांदे. नवा घ्यायचा तर चार कुणग्यांच्या, म्हणजे छोट्या खाचरांच्या, भातात हप्ते निघत नाहीत. मग एखादा संध्याकाळी अंगणात येऊन विचारतो, "भाई, आमच्या जुन्याला पावर बसेल काय?" मी शेतकरी आणि हौशी फिटर. हे काम मी पाच-सहा ट्रॅक्टरांवर केलंय, आणि त्यातलं पहिलं साफ चुकलं. खालची बरीचशी उत्तरं त्या पहिल्या कामातून आलेली आहेत.

स्टिअरिंग फार जड लागतं. थेट पावर बसवूनच टाकू का?

आधी पाच मिनिटं खर्च करा. पुढच्या एक्सलखाली जॅक लावून दोन्ही चाकं जमिनीवरून उचला आणि इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग फिरवा. चाकं हवेत असताना ते एका हाताने या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरलं पाहिजे. तसं फिरत नसेल, मध्ये कुठे अडत असेल, तर किंगपिन (ज्या पिनवर पुढचं चाक वळतं ती) सुकलेत, थ्रस्ट बेअरिंग खाल्लंय किंवा स्टिअरिंग बॉक्सात तेल नाही. मी उघडलेल्या एका बॉक्सात तेलाच्या जागी तांबड्या मातीचा गारा निघाला होता, आणि किंगपिनचे ग्रीस निपल तीन वेळा मारलेल्या रंगाखाली गाडले गेले होते. निपल मोकळे करून ग्रीस मारलं, बॉक्स धुऊन तेल भरलं, तेवढ्यावर मालक खूश होऊन गेला.

टायरची हवाही बघा. सहाशे-सोळाच्या (६.००-१६ मापाच्या) पुढच्या टायरात साधारण २८ ते ३० पौंड हवा लागते. बरेच जण चिखलात चाक रुतू नये म्हणून हवा कमी करतात आणि नंतर डांबरी रस्त्यावर स्टिअरिंगला शिव्या घालतात.

चाकं हवेत असताना हलकं आणि जमिनीवर जड, असं असेल तरच पावर स्टिअरिंगचा विचार करा. दुखणं तसंच ठेवून पावर बसवली तर सिलिंडर त्या अडकलेल्या किंगपिनलाही जबरदस्तीने फिरवतो. तुम्हाला वर काही कळत नाही, आणि एक दिवस स्टिअरिंग आर्म तुटतो. टाय रॉडचे एंड, स्पिंडलचे बुश, मधला एक्सल पिन, जे जे ढिलं आहे ते आधी बदलून घ्या. याला टाळाटाळ करणाऱ्याचं पुढचं काम मी हातात घेत नाही.

पावर स्टिअरिंग म्हणजे नेमकं काय काय बसतं?

दोन पद्धती आहेत. एकात जुना स्टिअरिंग बॉक्स आणि ड्रॅग लिंक (बॉक्सातून चाकांकडे जाणारा दांडा) जागच्या जागी राहतात आणि तेलाचा सिलिंडर फक्त मदतीला येतो. दुसरी हायड्रोस्टॅटिक. तिच्यात बॉक्स निघतो, त्याच्या जागी कॉलमखाली ऑर्बिट्रोल बसतो आणि स्टिअरिंग नि चाकं यांच्यामध्ये फक्त तेल उरतं. तुम्ही जितकं फिरवाल तितकं मोजून तेल ऑर्बिट्रोल सिलिंडरला देतो. आजकाल मिळणारी किटं बहुतेक या दुसऱ्या पद्धतीची असतात, म्हणून पुढचं सगळं तिच्याबद्दल.

सामान मोजकं आहे: पंप, तेलाची टाकी, फिल्टर, रिलीफ व्हॉल्व (जास्तीचा दाब सोडून देणारा), ऑर्बिट्रोल, दोन्ही बाजूंनी जोर लावणारा सिलिंडर आणि होज पाइप. ऑर्बिट्रोलला चार तोंडं असतात. पी म्हणजे पंपाकडून, टी म्हणजे टाकीकडे, एल आणि आर म्हणजे सिलिंडरची डावी-उजवी बाजू. जोडून झाल्यावर स्टिअरिंग डावीकडे आणि चाकं उजवीकडे गेली तर घाबरू नका, एल-आरचे पाइप अदलाबदल करा. प्रत्येकाच्या हातून एकदा तरी होतं.

साधा गीअर पंप वापरणार असाल तर ऑर्बिट्रोल ओपन सेंटर प्रकारचा घ्या, म्हणजे स्टिअरिंग स्थिर असताना तेल त्यातून मोकळं परत टाकीत जातं. भंगारातून लोड सेन्सिंगचा (गरजेपुरतंच तेल मागणारा) ऑर्बिट्रोल स्वस्तात मिळाला म्हणून आणाल, तर त्याच्या जोडीचा व्हॉल्व शोधत फिराल.

पंपाला फिरवायचं कुठून?

खरा प्रश्न हाच. बाकी सगळं दुकानात मिळतं. पंपाची जागा मात्र तुम्हालाच ठरवावी लागते, आणि पावर स्टिअरिंग वेळेला साथ देणार की नाही हे त्या जागेवर ठरतं.

माझा पहिला प्रयोग वडिलांच्या मॅसी १०३५ वर होता. मागे पीटीओचा, म्हणजे अवजारं फिरवायचा, शाफ्ट आयताच फिरत होता. त्याला वेग वाढवणारा छोटा गीअरबॉक्स लावला, त्यावर पंप, आणि पाइप पुढपर्यंत नेले. अंगणात काम बघायला आलेल्या मंडळींसमोर एका बोटाने स्टिअरिंग फिरवून दाखवलं. आठवड्याने दिवाडी बेटावर नांगरणीचं काम होतं. नार्व्याच्या धक्क्यावर फेरीबोट लागली, उतारावरून ट्रॅक्टर खाली घेतला आणि फळीवर चढताना चाक वळवायला म्हणून क्लच दाबला. सिंगल क्लचचा ट्रॅक्टर. क्लचबरोबर पीटीओ थांबला, पीटीओबरोबर पंप थांबला आणि स्टिअरिंग दगड झालं. फेरीवरचा माणूस "घुंवडाय, घुंवडाय!" (वळव, वळव!) म्हणून ओरडतोय, मागे दोन स्कूटरवाले हॉर्न मारतायत आणि मी दोन्ही हातांनी लोंबकळूनही चाक चार बोटं हलेना. पुढचं डावं चाक फळीच्या कडेपासून वीतभर आत होतं. शेवटी ब्रेक धरून, गीअर काढून, क्लच सोडला तेव्हा पंप परत फिरला. त्या दिवशी एक गोष्ट डोक्यात पक्की बसली: स्टिअरिंगचा पंप इंजिनवरून फिरला पाहिजे, मध्ये क्लच येता कामा नये.

पीटीओ घेण्यात आणखी एक गोम आहे. पीटीओचा वेग मिनिटाला ५४० फेऱ्यांचा. फेऱ्याला आठ सीसी तेल देणारा पंप थेट त्यावर लावला तर मिनिटाला जेमतेम सव्वाचार लिटर तेल मिळतं, आणि इंजिन मंद असताना त्याच्या निम्मंही नाही. चाक जागेवर फिरवायची वेळ नेमकी इंजिन मंद असतानाच येते.

इंजिनवरून फिरवायच्या तीन वाटा आहेत. टायमिंग गीअरच्या कव्हरवर पंपासाठी जागा सोडलेली असेल तर डोळे झाकून तीच घ्या. नसेल तर क्रँकच्या पुलीसमोर रबरी स्पायडरची कपलिंग लावून पंप सरळ रेषेत बसवता येतो. इथे लेथवाल्याचं काम अचूक लागतं, कारण रेष थोडी जरी चुकली तरी पंपाचा सील महिनाभरात जातो. तिसरी वाट पट्ट्याची. गीअर पंपाचा शाफ्ट बाजूची ओढ सहन करायला बनवलेला नसतो, म्हणून पट्ट्याची पुली थेट त्यावर चढवू नका. पुलीला स्वतःच्या बेअरिंगचा वेगळा शाफ्ट द्या आणि पंप त्याच्या मागे कपलिंगने जोडा.

जुन्या मोटारीचा किंवा ट्रकचा पावर स्टिअरिंग पंप चालेल का?

चालेल, आणि लहान ट्रॅक्टरला चांगला चालेल. तो पंप पट्ट्यासाठीच बनवलेला असतो, म्हणून आत तशी बेअरिंग असते, आणि तेलाचा वेग व दाब आवरणारा व्हॉल्वही बहुधा आतच असतो. मोटारीच्या पंपापेक्षा हलक्या ट्रकचा घ्या. दोन पट्टे बसतील अशी पुली मिळाली तर उत्तम. चिखलणीच्या पाण्यात एकटा पट्टा घसरतो. मोटारीचे असे पंप बहुधा एटीएफ (ऑटोमॅटिक गीअरबॉक्सच्या) तेलावर चालतात, तेव्हा त्या सर्किटला तेच भरा आणि त्यात दुसरं काही मिसळू नका.

अवजार उचलणाऱ्या लिफ्टचा पंप आहेच की. त्यातूनच स्टिअरिंगला तेल का घेऊ नये?

मॅसी १०३५ सारख्या फर्ग्युसन पद्धतीच्या ट्रॅक्टरात नाही जमत. त्याचा पिस्टन पंप गीअरबॉक्सच्या पोटात तेलात बुडालेला असतो, पीटीओच्या शाफ्टवरून फिरतो आणि लिफ्टला हवं तेव्हाच तेल ओढतो. तेल आत घ्यायचं तोंडच व्हॉल्वने बंद-चालू होतं. स्टिअरिंगला मात्र सतत वाहणारं तेल लागतं. शिवाय तो पीटीओवरचा, म्हणजे माझी फेरीवरची गोष्ट पुन्हा. ज्या ट्रॅक्टरांत लिफ्टचा गीअर पंप इंजिनवरून फिरतो त्यांत करता येतं, पण प्रायॉरिटी व्हॉल्वशिवाय नाही. त्याबद्दल खाली.

सिलिंडर केवढा घ्यायचा?

हिशोब सोपा आहे, कागद-पेन्सिल घ्या. ५० मिलिमीटर बोअर (आतला व्यास), २५ मिलिमीटर रॉड आणि २०० मिलिमीटर चाल असलेला सिलिंडर धरू. पूर्ण बाजूचं क्षेत्रफळ साडेएकोणीस चौरस सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे टोकापासून टोकापर्यंत जायला सुमारे ३९० सीसी तेल. रॉडच्या बाजूने २९५ सीसी. ऑर्बिट्रोल १०० सीसीचा, म्हणजे एका फेऱ्याला तेवढं तेल देणारा, असेल तर एका बाजूला जवळजवळ चार फेरे आणि दुसऱ्या बाजूला तीन. डाव्या-उजव्या फेऱ्यांत फरक का, म्हणून लोक भांडायला येतात. तो एका बाजूला रॉड असलेल्या सिलिंडरचा स्वभाव आहे. फरक नकोच असेल तर दोन्ही बाजूंना रॉड असलेला सिलिंडर एक्सलच्या मधोमध बसवावा, तो महाग पडतो.

१०० बार दाबाला हा सिलिंडर सुमारे दोन टनांचा जोर लावतो. पस्तीस अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला हे भरपूर आहे. स्टिअरिंग सेकंदाला दीड फेरा या वेगाने फिरवायचं तर मिनिटाला नऊ लिटर तेल लागतं. सुरक्षित बाजूने बारा लिटर धरा. बारा लिटर १०० बारने ढकलायला दोन किलोवॅट, म्हणजे पावणेतीन अश्वशक्ती जाते, आणि तीही फक्त चाक वळत असताना. "पावर बसवली तर डिझेल किती जास्त जाईल?" या प्रश्नाचं उत्तर त्यातच आलं.

सिलिंडर चॅसिसला लावला तर चालेल का? तिथे जागा बरी आहे.

नाही. पुढचा एक्सल मधल्या पिनवर झोपाळ्यासारखा हलतो. सिलिंडरचं एक टोक चॅसिसला आणि दुसरं स्टिअरिंग आर्मला असेल, तर एक चाक मेरेवर (बांधावर) चढलं की चाकं आपोआप वळतात. आमच्याकडे कुणगे छोटे आणि मेरा पावलोपावली, म्हणजे दिवसभर ट्रॅक्टर स्वतःच्या मनाने चालणार. सिलिंडरचं दुसरं टोक एक्सललाच वेल्ड केलेल्या ब्रॅकेटवर घ्या. तिथपर्यंतच्या होजला एक्सल दोन्ही बाजूंनी पूर्ण कलला तरी ताण येणार नाही इतकी ढील ठेवा.

ब्रॅकेट वेल्ड करण्याआधी बॅटरीचं कनेक्शन काढा. एक्सल ओतीव असेल तर वेल्डिंगच्या नादाला न लागता बोल्टचा क्लॅम्प बनवून घ्या.

रिलीफ व्हॉल्व किती बारला लावायचा?

गेज लावून बघितल्याशिवाय कितीलाही लावू नका. सुक्या डांबरावर, ट्रॅक्टर जागेवर उभा असताना, चाक वळेल इतका कमीत कमी दाब पुरे. लहान ट्रॅक्टरला तो १०० ते १२५ बारमध्ये येतो. "थोडा जास्त ठेवू, हलकं होईल" म्हणून १७५ ला नेलेला एक टाय रॉड मी धनुष्यासारखा वाकलेला पाहिलाय.

चाक टोकाला नेऊन तिथेच दाबून धरलं की व्हॉल्व शिट्टी मारतो. तेवढा वेळ सगळी ताकद तेल तापवण्यात जात असते. शिट्टी ऐकली की स्टिअरिंग बोटभर मागे आणायची सवय लावा.

चालत्या रस्त्यावर इंजिन बंद पडलं किंवा पाइप फुटला तर?

इंजिन बंद पडलं तर ऑर्बिट्रोल हातपंपासारखं काम करतो. त्यासाठी त्यात चेक व्हॉल्व असायला हवा, घेताना विचारा. फिरवायला अतिशय जड, पण ट्रॅक्टर रस्त्याच्या कडेला घेता येतो.

सिलिंडरकडे जाणारा पाइप फुटला तर मात्र हातात काही उरत नाही. चाकं मोकळी होतात. म्हणून एल-आरचे पाइप दोन तारांच्या वेणीचे, तेही कारखान्यात किंवा मशीनवर क्रिम्प केलेलेच घ्या. क्लॅम्पने आवळलेला रबरी पाइप फक्त टाकीकडे परत जाणाऱ्या लाइनला. जी.आय. पाइप कुठेच नको. भरलेली ट्रॉली घेऊन घाट उतरणार असाल तर दर हंगामाआधी हे दोन पाइप बोटांनी दाबत तपासा. जिथे फुगवटा लागेल किंवा तार दिसेल तिथे वाट बघू नका.

आधी हलकं वाटलं, पण आता ट्रॅक्टर रस्त्यावर सरळ चालत नाही.

बिघाड नसण्याचीच शक्यता जास्त. हायड्रोस्टॅटिक स्टिअरिंग सोडलं तर आपोआप मध्यावर येत नाही, ते तुम्हालाच आणावं लागतं. जुन्या हाताला ही सवय व्हायला दोन-तीन दिवस लागतात. स्टिअरिंगची मूठ सरळ चालताना दर वेळी वेगळ्या जागी येते, तेही नेहमीचंच. आठ दिवसांनंतरही नागमोडी जात असेल तर सिस्टिममध्ये हवा आहे किंवा सिलिंडरचा सील आतून पास होतोय.

मोटारीचं इलेक्ट्रिक पावर स्टिअरिंग बसवू का?

नको. ते तीस-चाळीस अँपिअर ओढतं आणि तुमच्या ट्रॅक्टरचा जुना डायनामो तेवढं देत नाही.

लिफ्ट रोटावेटर उचलत नाही. नवीन पंप घालू?

पंपाकडे शेवटी या. आधी फिल्टर काढून बघा आणि तेलाची पातळी मोजा. मग हे करा: रोटावेटर उचला, इंजिन बंद करा आणि चहा पिऊन या. परत आल्यावर रोटावेटर जमिनीला टेकलेला असेल तर निदान ही गळती पंपाची नाही, कारण बंद इंजिनाला पंप काही करत नव्हता. तेल लिफ्ट सिलिंडरच्या ओ-रिंगमधून किंवा कंट्रोल व्हॉल्वमधून गळतंय. याउलट सकाळी थंड असताना जोरात उचलतो आणि अकरा वाजल्यावर कुरकुरतो, असं असेल तर पंप झिजला आहे. तेल तापून पातळ झालं की ते झिजलेल्या फटींतून मागे सरकतं.

तेलाचा रंग दुधासारखा झाला असेल तर त्यात पाणी गेलंय. आमच्या पावसात गीअर लिव्हरचा रबर फाटलेला असला की तिथूनच जातं. पंप बदलून उपयोग नाही, आधी तो पन्नास-शंभर रुपयांचा रबर बदला.

थ्री पॉइंट लिंकेजवर, म्हणजे अवजार तीन जागी जोडून उचलण्याच्या पद्धतीवर, एक शब्द. हॅरी फर्ग्युसन याने १९३० च्या दशकात ही पद्धत ट्रॅक्टरसोबत बाजारात आणली तेव्हा तिची करामत नुसतं उचलणं ही नव्हती. नांगर जड ओढायला लागला की टॉप लिंकवर, म्हणजे वरच्या दांड्यावर, दाब येतो, तो कळून लिफ्ट नांगर थोडा वर घेते, म्हणजे मागच्या चाकांना वजन मिळतं. तोच ड्राफ्ट कंट्रोल. रोटावेटर चालवताना मात्र पोझिशन कंट्रोल, म्हणजे अवजार ठरवलेल्या उंचीला धरणारा, वापरायचा असतो. दोन्ही लिव्हर कुठेही ठेवून "लिफ्ट आपोआप खालीवर होते" म्हणून कितीतरी ट्रॅक्टर फुकट वर्कशॉपमध्ये येतात.

टिपिंग ट्रॉलीसाठी वेगळं हायड्रॉलिक लागेल का?

जॅकमध्ये किती तेल मावतं ते मोजा. १०० मिलिमीटर बोअर आणि ८०० मिलिमीटर चाल असलेला जॅक पूर्ण उचलायला सव्वासहा लिटर तेल लागतं. हे तेल ट्रॅक्टरच्या गीअरबॉक्समधून घेतलं तर ट्रॉली वर असताना गीअरबॉक्स तेवढा रिकामा होतो आणि पंप हवा ओढायला लागतो. त्यापेक्षा वाईट म्हणजे एकाच्या जॅकमधलं घाण तेल दुसऱ्याच्या गीअरबॉक्सात जातं. गावात ट्रॉल्या उसन्या फिरतात, त्याबरोबर रेती आणि लोखंडाची भुकटीही फिरते. ट्रॉलीचं काम रोजचं असेल तर वेगळी टाकी, वेगळा पंप, लिव्हर व्हॉल्व असंच करा. मिनिटाला बारा लिटर देणारा पंप वरचा जॅक अर्ध्या मिनिटात उचलतो. १५० बारला त्याचा जोर बारा टनांच्या घरात जातो, म्हणून ट्रॉलीचा बिजागर आणि चॅसिस तेवढ्या जोराचं आहे का ते आधी बघा.

उचललेल्या ट्रॉलीखाली लोखंडी टेकू लावल्याशिवाय कोणीही जाऊ नये. हे वाक्य मी प्रत्येक ट्रॉलीवर रंगाने लिहून देतो, मालकाला आवडो न आवडो.

एकाच पंपावर स्टिअरिंग आणि ट्रॉली दोन्ही चालतील?

चालतील, पण पंपातून निघालेलं तेल आधी प्रायॉरिटी व्हॉल्वमध्ये गेलं पाहिजे. तो स्टिअरिंगचा वाटा आधी काढतो आणि उरलेलं ट्रॉलीला देतो. नुसता तीन तोंडांचा टी-जोड लावून दोन फाटे फोडले तर तेल जिथे विरोध कमी तिकडे पळतं, म्हणजे रिकामी ट्रॉली वर जात असताना स्टिअरिंग मेलेलं असतं. आमच्याकडे एकाने ट्रॉलीचा व्हॉल्व आधी आणि स्टिअरिंग मागे असं ओळीने जोडलं होतं. ट्रॉली टोकाला जाऊन रिलीफ उघडला की स्टिअरिंग बंद. पावर स्टिअरिंगला पहिली पंगत, बाकीच्यांना नंतर.

पुढे लोडर बसवायचा विचार आहे.

जुन्या हलक्या एक्सलवर मी बसवत नाही. भरलेली बादली वर गेली की मागचं वजनही पुढे येतं. स्पिंडल त्यासाठी बनवलेले नसतात.

तेल कोणतं, टाकी केवढी?

वेगळ्या सर्किटला हायड्रॉलिक तेल, ६८ ग्रेडचं. आपल्या हवेला ते बरोबर पडतं. ४६ ही चालतं, पण मे महिन्यात दुपारी पातळ वाटतं. ब्रेक ऑइल कधीच नको, सील फुगून निकामी होतात. फक्त स्टिअरिंग असेल तर चार-पाच लिटरची टाकी पुरते. ट्रॉलीही असेल तर पंपाच्या मिनिटाच्या तेलाच्या दुप्पट, वर जॅकचं तेल, म्हणजे तीस लिटरपर्यंत जा. परतीच्या पाइपाचं तोंड तेलात बुडालेलं असावं, नाहीतर फेस होतो.

जोडण्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. तिचा एक तुकडा ऑर्बिट्रोलमध्ये गेला की सगळं उघडावं लागतं. डाउटी वॉशर (आतून रबराची कड असलेली धातूची चकती) वापरा. पाइप कापले, घासले की डिझेलने धुऊन हवेने फुंकून मगच जोडा.

आमचं शेत खाजनात, म्हणजे खाडीलगतच्या खाऱ्या जमिनीत, आहे. खाऱ्या पाण्याने काय होतं?

सिलिंडरच्या रॉडवरचा क्रोम जातो. आधी सुईच्या टोकाएवढे ठिपके, मग ते ठिपके करवतीसारखे सील कापतात. खाजनातून आल्यावर, जेवायला बसण्याआधी, गोड्या पाण्याने पुढचा भाग धुवा आणि रॉडवर तेलाचा हात फिरवा. ट्रॅक्टर उभा करताना स्टिअरिंग अशा बाजूला वळवून ठेवा की रॉड आत जाईल. रॉडवर रबरी घडीचं कव्हर घालायला अनेक जण सांगतात. मोरडीच्या (उंचावरच्या) शेतात ते चांगलं, खाजनात मी काढून टाकतो, कारण एकदा फाटलं की खारं पाणी आतच साचून राहतं.

हे सामान गोव्यात मिळतं का?

होज क्रिम्प करून घ्यायला लांब जावं लागत नाही. डिचोली, साखळी, उसगाव हा खाणपट्टा. २०१२ आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या तरी टिपर आणि एक्स्कॅव्हेटरवर हात बसलेले हायड्रॉलिकचे फिटर अजून आहेत, आणि ट्रॅक्टरचं काम त्यांना खेळण्यासारखं वाटतं. पंप, सिलिंडर, व्हॉल्व यांसाठी चोर्ला घाट चढून बेळगावला जा. उद्यमबागेत हायड्रॉलिकचे कारखाने आहेत, मापाप्रमाणे सिलिंडर बनवून मिळतो. जाताना जुना स्टिअरिंग आर्म आणि कॉलमचा शाफ्ट सोबत न्या. फोटो दाखवून आणलेला स्प्लाइन (शाफ्टवरचे दाते) बसत नाही.

खर्चाचं म्हणाल तर किटची किंमत सगळे विचारतात, पण ब्रॅकेट, लेथ, फिटिंग आणि दोन फेऱ्यांचं भाडं याचं बिल किटच्या जवळ जातं. तेवढं धरूनच निघा.

कागदपत्रांचं काय?

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल करायला मनाई करतं. काम सुरू करण्याआधी आपल्या तालुक्याच्या वाहतूक कार्यालयात लेखी विचारा आणि विमा कंपनीलाही कळवा. अवजारांच्या सबसिडीची चौकशी विभागीय कृषी कार्यालयात खरेदीच्या आधी करावी. बिल हातात घेऊन गेलात तर उशीर झालेला असतो.

पाइपातून बारीक गळती दिसते. बोट लावून बघू?

अजिबात नाही. १०० बारच्या दाबाने सुईएवढ्या भोकातून निघणारं तेल कातडीतून आत शिरतं. बाहेर फक्त लाल टिपका दिसतो, दुखतही नाही, आणि काही तासांत आतलं मांस मरायला लागतं. गळती शोधायची तर पुठ्ठ्याचा तुकडा पाइपाजवळून फिरवा. तेल अंगात गेलंय असा संशय जरी आला तरी १०८ ला फोन करा किंवा थेट बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) जा, आणि डॉक्टरांना "दाबाचं हायड्रॉलिक तेल" हे शब्द सांगा. हळद लावून झोपू नका.

काम कधी काढावं?

चवथ (गणेश चतुर्थी) झाली की दिवाळीच्या आत. सरदीची (पावसाळी भाताची) पेरणी-लावणी संपलेली असते, वायंगणाला (पावसाळ्यानंतरच्या भाताला) वेळ असतो, ट्रॅक्टर तसाही गोठ्याशेजारी उभा असतो. मे महिन्यात काढाल तर मृग येईल आणि ट्रॅक्टरचं पुढचं तोंड स्टुलावर असेल. फक्त ओल्या दिवसांत टाकी आणि पाइपांची तोंडं फडक्याने नव्हे, प्लास्टिकच्या टोपणांनी बंद ठेवा.

जोडून झालं. आता थेट शेतात?

आधी हवा काढा. पुढची चाकं जॅकवर, इंजिन मंद, आणि स्टिअरिंग सावकाश दोन्ही टोकांना पंधरा-वीस वेळा. मध्ये मध्ये टाकीत तेल घाला. बुडबुडे थांबत नसतील तर पंप ओढणाऱ्या बाजूला कुठेतरी हवा घेतोय, तिथले क्लॅम्प आवळा. मग अंगणात, मग सुक्या शेतात. दहा तासांनी सगळ्या जोडण्या पुन्हा आवळा, पन्नास तासांनी फिल्टर बदला. काढलेला फिल्टर कापून आत चुंबक फिरवा. थोडी चमकणारी भुकटी पहिल्यांदा निघतेच. दुसऱ्या फिल्टरलाही तेवढीच निघाली तर पंप उघडून बघायची वेळ आली.